दहा दिवस वाकायचं नाही

१

दवाखान्यानं दिलेला कागद मी चार वेळा वाचला. दहा दिवस डोक्याला हात लावायचा नाही. पाठीवरच झोपायचं, तेही दोन उशा घेऊन, अर्धवट बसल्यासारखं. तिखट खायचं नाही. उन्हात जायचं नाही. दर तासाला मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. आणि वाकायचं नाही, अगदी बुटाची नाडी बांधायलासुद्धा नाही, कारण नव्यानं लावलेली मुळं उखडू शकतात. दहाव्या दिवशी खपल्या धुऊन काढायच्या.

मी, कृष्णराज, भूमला एका खासगी शाळेत गणित शिकवतो. तेहतिसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर पुढं जेवढे केस उरले होते तेवढे पाचवीतल्या पोरानं तोंडी मोजले असते. तीन ठिकाणी मुलगी बघून झाली होती. तिसरीच्या मामानं पोह्याची बशी हातात असतानाच विचारलं, "वय खरंच तेहतीस का?" त्या दिवशी मी ठरवलं. सोलापूरच्या एका दवाखान्यात मागच्या बाजूचे दोन हजार चारशे केस काढून पुढं लावून घ्यायचे. त्यासाठी आधी सगळं डोकं भादरायचं.

अडचण रजेची होती. दहावीची सराव परीक्षा तोंडावर, आणि आमचे मुख्याध्यापक सिद्धलिंग सर रजेच्या बाबतीत कमालीचे चिक्कू. शिवाय परत आल्यावर ते गुळगुळीत डोकं पोरांना काय सांगून दाखवायचं? बालाजीला केस दिले म्हणावं, तर त्याला चार दिवस पुरतात. आमच्याकडं दुसरं एकच कारण आहे. ते सांगितलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि तेरा दिवसांची रजा न मागता मिळते.

सोमवारी सकाळी, ऑपरेशनला आत जायच्या आधी, मी शाळेच्या ग्रुपवर टाकलं: 'माझे वडील बलभीम यांचे आज पहाटे माकणी येथे दुःखद निधन झाले.' पाच मिनिटांत एकेचाळीस जणांनी हात जोडले. निकिता मॅडमनी वडिलांचा फोटो मागितला. मी पाठवला, चुलतभावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. मॅडमनी त्याला हार आणि दोन्ही बाजूंना समया लावून ग्रुपवर टाकला. दादांचा, म्हणजे वडिलांचा, हसरा चेहरा हारात बघून मला कसंतरीच झालं, पण तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं.

आणि एक केलं. मिशी काढायला दवाखान्यानं सांगितलं नव्हतं. ती मी मंगळवारी सकाळी सोलापूरच्या स्टँडसमोरच्या सलूनमध्ये काढून घेतली. उत्तर लिहायचं तर सगळ्या पायऱ्यांसकट लिहायचं, ही माझी जुनी खोड.

२

माकणीला पोचलो तेव्हा दादा अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. मळून झाली की तळहातावर तीन थापा. टप, टप, टप. हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आलोय. दादा घरात आहेत की रानात, हे आम्ही त्यावरूनच ओळखायचो.

केसांच्या उपचाराचं मी घरी फोनवर सांगून ठेवलं होतं. रजेचं अर्थातच सांगितलं नव्हतं. मी टोपी काढली. दादांनी डोक्याकडं नंतर पाहिलं, आधी ओठाकडं पाहिलं.

"मिशी बी काढाय लावली का रं डाक्टरनं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांचं बोट स्वतःच्या मिशीवरून फिरलं. आमच्यात बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. मी त्यांच्या पायाही पडलो नाही. कागद दाखवला, वाकायचं नाही म्हणून सांगितलं.

"असू दे, असू दे," ते हसले. "धा दिसांनी पड. कुठं पळून चाललोय व्हय म्या?"

आईचे हात कापतात, म्हणून फवाऱ्याची बाटली दादांनी ताब्यात घेतली. जन्मभर तुरीवर औषध मारलेला माणूस. मला वाऱ्याकडं पाठ करून बसवलं, एक डोळा बारीक करून ओळी बघितल्या आणि म्हणाले, "लावनी तर दाट केलीय. शेंगा धरल्या की सांग." आई आतून हसली. माझं डोकं बधिर होतं, महिनाभर राहील असं कागदावरच लिहिलं होतं. त्यामुळं फवारा मला जाणवत नव्हता. नुसतं फुस, फुस ऐकू यायचं आणि मग मानेवर पाणी ओघळायचं.

संध्याकाळी शेजारच्या म्हाळसाबाई वाडगं घेऊन ताक न्यायला आल्या. माझं डोकं बघून दारातच थबकल्या.

"अगं माय! कवा रं?"

"म्या बसलोय की हितं, म्हातारे!" दादा बाजेवरून ओरडले आणि स्वतःच खदाखदा हसले.

म्हाळसाबाईंनी तिकडं पाहिलं नाही. पदर तोंडाला लावून मागं सरल्या आणि तशाच निघून गेल्या. ऐंशीची बाई, कानानं कमी ऐकते, नजरही गेलेली. मी आईला म्हटलंसुद्धा, उद्या तिला समजावून सांग. वाडगं मात्र उंबऱ्यावरच राहिलं होतं. सुतकाच्या घरातून कोणी काही नेत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

३

बुधवारी सूज कपाळावर उतरली. कागदावर तेही होतं: घाबरू नये, सूज कपाळावरून डोळ्यांवर येते आणि आपोआप जाते. गुरुवारी सकाळी डोळे जे मिटले ते शुक्रवार संपेपर्यंत उघडलेच नाहीत.

ते दोन दिवस मी नुसतं ऐकत होतो. धरणाकडून येणारं वारं पडवीच्या पत्र्यावर वाजायचं. तासातासाला फुस, फुस. तंबाखूच्या थापा. आणि माणसं. अंगणात चपला काढल्याचा आवाज यायचा, कोणीतरी बसल्याचा, बराच वेळ कोणीच न बोलल्याचा, आणि मग चपला घातल्याचा.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"भावकीतले हायेत. पडून ऱ्हा," दादा अगदी कानाशी म्हणाले.

"कशाला आलेत?"

"तुला बघाया."

मला ते पटलं. सोलापुरात जाऊन डोकं कोरून आलेला माणूस बघायला गाव येणारच. फक्त एवढी माणसं येऊन कोणी हसत कसं नाही, याचं नवल वाटलं. गोळ्यांची गुंगी होती. मी पुन्हा झोपलो.

शनिवारी डोळे फटीएवढे उघडले. आई ताट वाढत होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

"आई, कुंकू?"

तिचा हात कपाळाशी गेला आणि तिथंच राहिला. "जेव बाबा," ती म्हणाली.

भाजीला फोडणी नव्हती. तिखट नको, असं मीच सांगितलं होतं. ताटं दोनच होती.

"दादांचं ताट?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून आत गेली.

दादा दारात उभे होते. "म्या मागनं जेवतो," ते म्हणाले. "भूकच न्हाय दोन दिस."

दुपारी फवारा चालू असताना आई बाहेर आली. "किस्ना, सवताच मारत बसू नगंस. मला सांगत जा."

"दादा मारायलेत की."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. बाटली माझ्या हातात होती. दादांनी तंबाखू मळण्यापुरती माझ्याकडं दिली असणार. नाहीतर माझ्याकडं कशाला येईल?

४

माकणी भूमपासून चांगली चार तासांवर. एवढ्या लांब कोण तडमडायला येतंय, असं मी धरून चाललो होतो. रविवारी सकाळी दारात पांढरी जीप थांबली. सिद्धलिंग सर उतरले. मागून निकिता मॅडम आणि दोन शिक्षक.

दादा बाजेवर उन्हात बसले होते. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी, एक पाय दुमडलेला. नोकरी गेली. आता नुसतं आत या म्हणायचं आणि सगळं उघडं पडताना बघत बसायचं. मॅडमच्या फोनमध्ये तर दादांचा हार घातलेला फोटो होता.

सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. चौघं सतरंजीवर बसले. सतरंजी कोणी आणि कधी अंथरली होती, कोण जाणे. दादा त्यांच्यापासून दोन हातांवर होते. दादांनी रीतसर हात जोडले, "रामराम" म्हणाले. सरांनी त्या दिशेला पाहिलं. दादांच्या मागं भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. ते बघितल्यासारखं करून सरांनी मला विचारलं, "आजारी होते का?"

मी दादांकडं पाहिलं. दादा आधी गोंधळले. त्यांनी सरांकडं पाहिलं, माझ्या डोक्याकडं, माझ्या ओठाकडं पाहिलं. मग त्यांना समजलं. समजल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी वर्गात रोज बघतो, पण बापाचा तसा चेहरा मला बघायला नको होता. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि मला हळूच मान हलवून खुणावलं. सांग.

"नाही," मी म्हणालो. "अचानक."

"रडून घ्या सर," निकिता मॅडम म्हणाल्या.

आई डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली आणि मॅडमच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी आईला काहीही पढवलं नव्हतं. तिला रजेचं माहीतच नव्हतं.

सरांचं लक्ष माझ्या खपल्यांकडं गेलं. "हे काय झालं?"

"वस्तरा लागला."

त्यांनी मान डोलावली. अर्धा तास बसून सगळे उठले. 'येतो' म्हणाले नाहीत. अशा घरातून निघताना कोणी म्हणत नाही.

जीपचा आवाज गेल्यावर मागून आला. टप, टप, टप.

"बरं झालं गप बसलो," दादा म्हणाले. "नोकरी गेली असती तुझी."

"दादा, त्यांनी तुमाला बघितलंच न्हाय."

"मग तर लईच बरं झालं," ते म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

५

मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. भुताची नव्हे. मी जे लिहून दिलं होतं ते एकेक जण तपासून बरोबर ठरवत होता, त्याची भीती.

सोमवारी सकाळी गच्चीवर जाऊन सरांना फोन लावला. नोकरी जाऊ दे, चुलीत जाऊ दे. "सर, मी खोटं बोललो. माझे वडील जिवंत आहेत. खाली अंगणात बसलेत. मी केस लावायला गेलो होतो."

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सर, माझा बाप गेला तवा मला बी वर्षभर असंच वाटायचं. दारात सायकल लावल्याचा आवाज यायचा. तुम्ही आईकडं लक्ष द्या. परीक्षेचं आमी बघतो."

रजेच्या एकेका दिवसासाठी भांडणारा हा माणूस माझ्यावर माया करत होता. मी फोन ठेवला. दादांशीच सरांचं बोलणं करून द्यायचं ठरवून खाली आलो. बाज रिकामी होती. रानात गेले असतील म्हणून त्यांच्या फोनवर फोन लावला.

घंटी घरातच वाजली. आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत. पेटी उघडली. घडी घातलेली दोन धोतरं, सदरे, लग्नातला फेटा, चष्मा. त्यावर बटणाचा तो फोन वाजत होता. शेजारी तंबाखूची डबी. उघडून पाहिली. घासून पुसून कोरडी केलेली होती.

"आई, हे पेटीत कुणी ठिवलं?"

आई दारात आली. तिचे डोळे सुजले होते. "तूच म्हनलास की रं. डोळं मिटलं होतं तवा. आई, दादाचं सामान उचलून ठिव, डोळ्याम्होरं नगं म्हनलास."

मी म्हणालो होतो? ताप होता, गुंगी होती. त्या दोन दिवसांत मी काय बोललो ते मला आठवत नव्हतं. पण डोळे मिटलेल्या माणसाला डोळ्यासमोरचं काय नको असेल?

डबी माझ्या हातात होती. अंगणातून आवाज आला. टप, टप, टप.

पाच पावलांवर अंगण होतं. मी पेटीशी बसून राहिलो. त्या वेळी उठून गेलो असतो तर, असं मला आजही वाटतं.

६

बुधवारी सकाळी दवाखान्यातून सृष्टी नावाच्या मुलीचा फोन आला. "आज दहावा दिवस ना सर? आज सगळ्या खपल्या निघाल्या पाहिजेत. गोल गोल चोळून धुवा. नंतर लावलेले केस गळतील, घाबरू नका. मूळ आत राहतं."

मी धुणार नव्हतो. दहावा झालाच नाही तर दहा दिवस पुरे होत नाहीत. गणिताच्या मास्तरला लाज वाटावी असं हे गणित होतं, पण माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी खोलीला आतून कडी लावून बसलो. बाहेर अंगणात भावकी जमली होती. रामहरी तात्यांनी दोनदा हाक मारली, "उरक किस्ना. पान्यावर जायचंय." मी ओ दिली नाही.

मग खोलीतल्या न्हाणीतून आवाज आला.

"राजा, ये. पानी निवायलंय."

न्हाणीला खिडकी नाही. वाफ दाटली होती. पाट मांडला होता. वाफेत मला तांब्या धरलेला हात दिसला, मनगटावर विळ्याची जुनी खूण असलेला. त्याच्या पलीकडं मी बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"दादा, मला धुवायचं न्हाय."

"खपल्या ठिवून कसं चालंल? मुळ्या कुजत्याल. बस."

मी बसलो. डोळे मिटले. पाणी आलं, कोमट, कानामागून वाहायला लागलं. डोकं बधिर. त्यावर बोटं फिरत होती की नव्हती, हे मी आजही सांगू शकत नाही. खपल्या मात्र सुटून मांडीवर पडत होत्या.

"कवा गेलो म्हनून सांगितलंस?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. घरी कधी पोचलास, असं विचारावं तसं विचारलं.

"सोमवारी," मी म्हणालो. "पहाटं."

"मग बराबर हाय. आज धावा दिस."

"दादा, माझं चुकलं. लई चुकलं. मी सगळ्यांना सांगतो, शाळेत जाऊन सांगतो, तुमी चला माझ्यासंगं."

पाणी वाहत राहिलं. "केस येत्याल का पर?"

"येतील म्हणतात. चार महिन्यांनी."

"झालं तर मग."

तांब्या फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली. वाफ विरत गेली, अंगावरचं पाणी थंड झालं, तरी वाट पाहिली. डोळे उघडले तेव्हा तांब्या माझ्या उजव्या हाताखाली होता.

७

आम्ही धरणाच्या पाण्यावर गेलो. सिदू न्हाव्यानं माझं डोकं बघितलं, ओठ बघितला. "हितं म्या काय करू? झालेलंच हाय की समदं," म्हणाला आणि नुसतं पाणी लावून वस्तरा धोकटीत परत ठेवला.

पिंड मांडला आणि आम्ही मागं सरलो. आमच्याकडं कावळा शिवायला कधी कधी दुपार होते. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर तो येऊन बसतो, पण शिवत नाही. मग घरचे हात जोडून एकेक कबूल करत बसतात, म्हातारीला सांभाळू, रान विकणार नाही. मी मनातल्या मनात उलटंच मागत होतो. शिवू नको. दिवस मावळेपर्यंत शिवू नको. त्यांच्या मनात माझ्यावर राग असू दे, एवढा राग असू दे की त्यांना जाताच येऊ नये.

पाच पावलंसुद्धा झाली नव्हती. कावळा बाभळीवरून उतरला आणि सरळ पिंडाला शिवला.

"भाग्यवान माणूस," रामहरी तात्या म्हणाले. "कायसुदिक ऱ्हायलं न्हवतं बलभीमच्या मनात."

मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा, नमस्कार कर बापाला."

पाया पडायचं राहिलंच होतं. दहा दिवस पुरे झाले होते. मी वाकलो.